सीटच्या दोऱ्यानं शिवलेलं पुस्तक

"फाडा. इथंच, सगळ्यांसमोर."

क्लासच्या सरांनी माझ्या लेकीचं पुस्तक माझ्या हातात कोंबलं. मोशीतला क्लास. बाकांवर पोरं गच्च. सरांचा निरोप आला म्हणून मी चाकणहून शिफ्ट संपवून तशीच आलेले, कंपनीच्या ॲप्रनवर.

पुस्तक म्हणजे झेरॉक्स. सरांनी लिहिलेलं गणिताचं पुस्तक फी सोडून वेगळं विकत घ्यावं लागायचं. ते जमलं नाही. लेकीच्या मैत्रिणीचं आणून मी आख्खं झेरॉक्स केलं. मी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते. सुपरवायझरला विचारून उरलेला दोरा आणला आणि पानांना दुहेरी टीप घातली. तिथंच चुकलं. नुसती पिन मारली असती, तर ती अभ्यासाची पानं दिसली असती. शिवल्यावर विकायचा माल दिसला.

"काय फिनिशिंग आहे! धंदा टाकलाय का, बाई?"

पोरं हसली. लेक पायाकडं बघत होती.

"चुकलं, सर." मी हात जोडले.

"मग फाडा. आणि मूळ पुस्तक कुणाचं ते सांगा. ज्याचं असेल त्यालाही घरी बसवतो."

मी चौथी शिकलेली. सर म्हटलं की हात आपोआप हलतो. दोन पानं फाडली. तिसऱ्यावर लेकीनं पेन्सिलनं सोडवलेलं गणित होतं. कडेला तिनंच लिहिलेलं, 'समजलं'.

"आई, नको ना गं."

हात थांबला.

"नाही फाडणार. नाव पण नाही सांगणार."

"काय?"

आवाज फारच बारीक निघाला होता. मी परत म्हणाले.

लेकीचा क्लास त्याच दिवशी सुटला. मैत्रिणीचा टिकला.

पुढं वाचनालयातल्या ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "स्वतःच्या अभ्यासाला थोड्या पानांची झेरॉक्स काढलेली चालते हो. आख्खं पुस्तक नको."

म्हणजे मी चुकलेच होते. सरांनी ते पुस्तक कष्टानं लिहिलं असेल. ते टोचतं. पण ती दोन पानं जास्त टोचतात. ती काही कायदा कळून फाडली नव्हती. नुसत्या भीतीनं. पोरीच्या डोळ्यांदेखत.

आता आख्खं पुस्तक काढणार नाही. लागतील तेवढीच पानं काढीन. चुकले तर बोलणी खाईन. पण माझ्या लेकीला जे समजलं, ते माझ्या हातून कुणी फाडून घेणार नाही.

आणि काढलेली पानं शिवीनच. दुहेरी टीप घालून.