सगळ्यांना सारखा चढ

माझा काका गाड्यांच्या मासिकात होता हे कळलं की लोक आवाज खाली आणून एकच गोष्ट विचारतात: ती मासिकं पैसे घेऊनच लिहितात ना? विचारतानाच उत्तर ठाऊक असल्यासारखं हसतात. पूर्वी मी भांडायचे. आता नुसतं "नाही" म्हणते आणि विषय बदलते, कारण खरं उत्तर द्यायला बसले तर त्यांचा चहा गार होईल आणि माझं डोकं गरम.

काका बाबांचा धाकटा भाऊ. मासिकात त्याचं काम एकच: तुलना. चार पाच कंपन्यांच्या एटीव्ही मागवायच्या, एकाच दिवशी एकाच जागी चालवायच्या आणि कुठली पहिली, कुठली शेवटची ते लिहायचं. एटीव्ही म्हणजे मोटारसायकलसारखं हँडल आणि चार फुगीर चाकं असलेली, चिखल, दगड, चढ काहीही असो, चालणारी गाडी. कचेरीत त्याला 'काटा' म्हणायचे, तराजूचा काटा. हे नाव त्याला मनातून फार आवडायचं, आणि आवडतं हे तो कोणाला कळू द्यायचा नाही.

काट्यासारखा तो होताही. चाचणी व्हायची एका जुन्या खाणीच्या आवारात; कंपनीची माणसं गाड्या घेऊन आली की त्यांना तो तिथल्या फाटकाबाहेर बसवायचा. चाकांतली हवा स्वतः भरायचा, कारण कंपनीवाले आपल्या सोयीची हवा भरून आणतात असा त्याचा अनुभव होता. सगळ्या टाक्यांत पेट्रोल सारखं. त्यांनी आणलेला चहासुद्धा घ्यायचा नाही, घरून थर्मास न्यायचा. त्या थर्मासातला चहा इतका वाईट असायचा की तो पिणं हीच मोठी सचोटी, असं आई म्हणायची. चढ सगळ्यांना तोच, खाणीमागचा. चिखल तोच. चालवणारा माणूसही तोच, म्हणजे काका स्वतः. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही. "माणूस बदलला की तुलना मोडली," म्हणायचा.

बाबांच्या मधमाश्यांच्या पेट्या गावाबाहेरच्या टेकडीवर होत्या, वर, जिथे रानफुलं दाट असतात तिथे. मधाने भरलेल्या पोळ्यांच्या चौकटी खोक्यांत घालून बाबा हातगाडीवरून खाली आणायचे. पन्नाशी उलटल्यावर कंबर कुरकुरायला लागली, तेव्हा त्यांनी एटीव्ही घ्यायची ठरवलं. घरात या विषयातला माणूस असताना दुसरीकडे कशाला विचारायचं? एका रविवारी काका जेवायला आला तेव्हा बाबांनी विषय काढला.

"अंक वाचलास का?" काकाने विचारलं.

"अंक कशाला? तू समोर बसला आहेस की."

"दादा, मी छापून एक आणि घरी एक असं बोलत नाही. वाचकाला जे सांगितलं तेच तुला. तुलनेत निळी गाडी पहिली आली आहे."

आईने माझ्याकडे बघून भुवई उडवली. सख्ख्या भावाला 'अंक वाच' म्हणणारा माणूस तिला शिष्टच वाटला. पण बाबांना कोण अभिमान. ते जो भेटेल त्याला सांगत सुटले, आमचा भाऊ घरच्यालाही झुकतं माप देत नाही म्हणून. अंक त्यांनी अक्षर न् अक्षर वाचला. 'तीव्र चढावर चारही चाकं जमिनीला धरून राहतात' असं त्यात निळीबद्दल होतं. आठवड्याभरात निळी दारात उभी.

त्याच वसंतात अपघात झाला. मागच्या कॅरिअरवर नव्या चौकटींची जड खोकी बांधून बाबा टेकडीचा चढ चढत होते. गाडीचं तोंड वर उचललं गेलं, बाबा मागे पडले आणि गाडी त्यांच्यावर आली. खुबा मोडला. पलीकडच्या कुरणातल्या गुराख्याने पाहिलं म्हणून लवकर हॉस्पिटलात तरी पोचले. डॉक्टर म्हणाले, चालतील, पण काठी घेऊन, आणि टेकडीचं नाव काढायचं नाही.

काका हॉस्पिटलात आला, बाबांच्या पायाशी उभा राहिला, आणि तिथून आमच्या घरी येऊन ती गाडी तपासत बसला. ब्रेक, चाकं, तारा, सगळं जागच्या जागी. वाकलेलं हँडल त्याने सरळ केलं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "चल, तो चढ दाखव."

मी खाली उभी राहिले. त्याने तीच खोकी तशीच बांधली आणि भुर्रकन वर गेला. खाली आला. पुन्हा गेला. गाडी चढाला घोरपडीसारखी चिकटून. "बघ," तो म्हणाला, "काही नाही हिच्यात." त्याचा चेहरा असा निवळला होता की मला त्याचा रागच आला. आमचा माणूस हॉस्पिटलात लोळागोळा होऊन पडला होता आणि याला आपली गाडी पास झाल्याचं समाधान.

म्हणून मी जरा टोचूनच बोलले. "तू सीटवर बसतच नाहीस. बाबा बसून चालवतात."

"मी बसलोच होतो."

"नाही. चढ लागला की तू उठतोस आणि हँडलवर ओणवा होतोस."

त्याला ते माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. आपण झोपेत बोलतो असं कोणी सांगावं तसा तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरं, आता बसून जातो." गेला, आणि अर्ध्या वाटेवर उठलाच. मी खालून ओरडले. परत आला, परत गेला, परत उठला. इतकी वर्षं गाड्या चालवून त्याच्या अंगालाच ती खोड लागली होती: तोंड हलकं झालं की अंग आपोआप पुढे. शेवटी त्याने दात ओठ खाऊन स्वतःला सीटवर दाबून धरलं, बाबा बसतात तसं, खुर्चीत बसल्यासारखं. पुढची दोन चाकं जमिनीवरून उचलली गेली. तो बाजूला उडी मारून वाचला, गाडी घरंगळत खाली येऊन झुडपात अडकली.

तो गवतात बसून राहिला. म्हणाला, "म्हणजे मी गाड्या तपासतच नव्हतो. मी त्यांना सांभाळून घेत होतो." मग त्याला रडू आलं. मी त्याच्या शेजारी बसले.

इथपर्यंत वाईट होतं, पण निस्तरण्यासारखं होतं. खरा घोळ त्या संध्याकाळी झाला. काका तडक हॉस्पिटलात गेला आणि त्याने बाबांना सगळं सांगितलं. त्याच्या मते तो चूक कबूल करत होता. म्हणाला, "दादा, माझ्यासारखा सरावाचा माणूस नकळत पुढे झुकतो. साधा चालवणारा झुकत नाही, त्याच्या हातात ती राहत नाही."

बाबा छताकडे बघत होते. "म्हणजे मला चालवता येत नव्हती."

"तसं नाही रे."

"तसंच आहे. गाडी चांगली, तू चांगला, मीच गबाळा."

"दादा, मी चुकलो असं म्हणतोय मी."

"त्यापेक्षा पैसे खाल्ले असतेस तर बरं होतं," बाबा म्हणाले. "भाऊ आहेस, पोटात घातलं असतं."

काका उठून गेला. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते आणि दोघांचीही समजूत काढायची मला तेव्हा भयंकर चीड आली होती. आईने प्रयत्न केला, तिला दोन्हीकडून ऐकून घ्यावं लागलं. पेट्या बाबांनी एका ओळखीच्याला देऊन टाकल्या. नेताना ते बाहेरसुद्धा आले नाहीत, खिडकीला पाठ करून बसले. मध आता दुकानातून येतो, आणि बाबा तो खात नाहीत.

काकाने संपादकांना गाठून खुलासा छापायला लावला. संपादक माणूस सज्जन होता, छापला त्याने, पण पत्रव्यवहाराच्या पानावर, कोपऱ्यात. त्यानंतर काका चाचणीला साधी माणसं न्यायला लागला. बेकरीवाला, शाळेतला कारकून, एकदा तर संपादकांच्या सासूबाई. त्यांच्या मागे ओझं बांधून त्यांना चढावर पाठवायचा आणि स्वतः बाजूने पळायचा. निकाल काय यायचा? बेकरीवाल्याला जी सोपी ती कारकुनाला अवघड, आणि सासूबाईंना कुठलीच पसंत नाही. काका ते सगळं जसंच्या तसं लिहायचा. लेख लांबले, 'जर' आणि 'पण' वाढले. वाचकांची पत्रं यायला लागली: हे पुराण पुरे, पहिला नंबर कोणाचा ते सांगा. काकाला तो सांगता येईना. त्याचं सदर दुसऱ्याकडे गेलं. तो एका सायकलच्या दुकानात कामाला लागला, आणि तिथेही कोणी 'कुठली घेऊ' म्हणालं की मालकाकडे बोट दाखवायचा. त्याला काटा म्हणणारं आता कोणी उरलं नाही.

दोघे भाऊ लग्नाकार्यात भेटायचे, तब्येत विचारायचे. त्यापलीकडे नाही.

गेल्या वर्षी बाबांचा खुबा पुन्हा दगा द्यायला लागला. काठीने भागेना. बसून चालवायची, बॅटरीवरची तीनचाकी स्कूटर घ्यायचं ठरलं. दुकानात दोन होत्या, शेजारी शेजारी उभ्या. मी बाबांना म्हटलं, बघू या आपणच. बाबा काठीशी चाळा करत म्हणाले, "त्याला बोलाव."

मी लगेच फोन केला, त्यांचं मन बदलायच्या आत.

काका आला तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. दुकानदाराला वाटलं असेल, म्हातारा स्थळ बघायला आलाय. त्याने दोन्ही स्कूटर चालवल्या, आणि चालवताना एक पाय बाबांच्या पायासारखा ताठ धरून ठेवला. मग बाबांना बसवलं, हाताची उंची पाहिली, दुकानाच्या उंबऱ्यावरून वरखाली न्यायला लावलं. बाबा निमूटपणे सगळं करत होते. इतके खुशीत मी त्यांना फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

"हं, सांग आता," बाबा म्हणाले.

"तुला कुठली बरी वाटते, दादा?"

"मला काय कळतंय त्यातलं. तू म्हणशील ती."

काकाने दोन्हींकडे पाहिलं. "मला नाही सांगता येणार," तो म्हणाला. "चालवणार तू. तूच ठरव."

मग बाबांनी उजवीकडच्या स्कूटरला काठी टेकवली. "ही द्या," म्हणाले. ती दाराजवळ होती, इतकंच.

घरी येताना गाडीत बाबा म्हणाले, "कशीही निघाली असती तरी मी त्याला बोललो नसतो. त्याने एक म्हणायला हवं होतं."

संध्याकाळी मी काकाला फोन करून हे सांगितलं.

"डावीकडची," तो म्हणाला. "बसल्याबरोबर कळलं होतं मला. उजवीकडची वळताना हिसका देते, त्याच्या खुब्याला त्रास होईल."

"मग आत्ता सांग त्यांना. बदलून आणू."

"आता कसं सांगू? त्याने स्वतः निवडली आहे. पुन्हा त्याचंच चुकलं असं होईल."

मी बदलायचं सुचवून पाहिलं बाबांना, काकाचं नाव न घेता. त्यांनी ऐकलं नाही. रोज सकाळी ते कोपऱ्यापर्यंत जातात. वळताना हिसका बसतो, तेव्हा हँडल घट्ट धरून डोळे मिटतात, आणि कोणी विचारलं तर गाडी उत्तम आहे म्हणतात.