कोळवणची वाघजाई आणि एक मूकपट

“त्या पटात घुमली ती बाई नव्हतीच, देवी होती,” असं वडील एकदा जेवताना म्हणाले होते. तेव्हा मी लहान होते. चाळिशी उलटल्यावर त्या एका वाक्यावर मी रहस्यकादंबरी लिहिली. तीत देवी जुन्या मूकपटाच्या रिळात अडकते आणि तो पट लावील त्याचा घात होतो. छपाईच्या तोंडावर कळलं, की ते चित्रण मुळशीतल्या कोळवणचं. जागा तरी पाहावी म्हणून निघाले.

पुण्याहून पौडची सकाळची एस.टी. धरावी, दुपारचीचा भरवसा नाही. तिकीट रुपयाच्या आत. भूगाव मागे पडलं की डोंगर जवळ येतात. पौडला भजी गरम मिळाली, चहा फार गोड. पुढे मला पेंढ्याची बैलगाडी मिळाली. पेंढा उबदार असतो, पण टोचतो. अंगावर जाड काहीतरी असू द्या.

वाघजाईचं देऊळ लहान, कौलारू. ज्या पटांगणात चित्रण झालं तिथे एक शेळी रवंथ करत बसली होती. मला भीतीबिती काही वाटली नाही.

पटात घुमलेल्या हौसामावशी देवळामागेच राहतात. ओसरीवर तांदूळ पाखडत होत्या.

“शिनेमावाल्या का वं तुमी? आता घुमाय गुडघं न्हाईत माझं.”

मी विचारलं, “मावशी, त्या दिवशी देवी खरंच आली होती?”

“आली की! लई जोरात. पन यंत्र फिरवनारा बिडी पेटवत हुता. शिनेमाचा मालक म्हनला, बाई, परत एकदा. देवी काय त्याची चाकर हाय व्हय? मग मी आपली उगंच घुमले. पटात हाय ती मीच. समदं सोंग.”

आतून सून म्हणाली, “गावाला पटाय नगं? गाव म्हनतंय, हिनं देवी डब्यात घालून पुण्याला धाडली.”

त्या दिवसानंतर मावशींच्या अंगात वारं आलं नाही. जत्रेत त्यांच्या हातची ओटी देवीला चालत नाही. यंदा चैत्रात चालवून घ्यावी, असं गावकीच्या मनात आहे. मरायच्या आत एकदा ओटी भरायची, एवढंच त्यांचं मागणं.

मी कादंबरीची गोष्ट सांगितली. मावशींचं सूप थांबलं.

“म्हंजी देवी डब्यातच हाय म्हनून छापनार?”

“गोष्ट आहे ती, मावशी.”

“आमचा मास्तर चावडीवर पुस्तकं वाचून दावतो. छापल्यालं खोटं कोन म्हनंल?”

रागावल्या नाहीत. तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं वाढलं. भाकरीचा इतका मऊ पापुद्रा पुण्यात मिळत नाही.

घरी परतले तर टेबलावर मुखपृष्ठाचा नमुना होता: रिळातून हात बाहेर काढणारी, केस सोडलेली बाई. चित्र झकास आहे. प्रवासातलं मात्र सूपच आठवत राहतं, मध्येच थांबलेलं.

या मासिकाचे संपादक माझे प्रकाशकही आहेत, म्हणून इथेच लिहिते. शेवटचं प्रकरण मला परत द्या. रीळ उघडेल तेव्हा आत देवी नसेल. मालकाच्या सांगण्यावरून दुसऱ्यांदा घुमणारी एक दमलेली बाई असेल. भय उरणार नाही, खप उतरेल, खिळे पुन्हा जुळवावे लागतील म्हणून जुळारी बोटं मोडतील. तुम्ही नाहीच म्हणाल. तरी चैत्राच्या आत ते प्रकरण मला बदलू द्या.