तुरीची पानं आणि आळशी लिस्ट

संख्याशास्त्राच्या विभागात नोकरी लागली तेव्हा वाटलं होतं, इथं सगळं मोजूनमापून चालत असेल. लातुरातल्या आमच्या कॉलेजात काही वर्षं काढल्यावर कळलं, की मोजायचं ते बाजूलाच राहतं आणि किस्से तेवढे साठत जातात. स्टाफरूममध्ये चहाला बसलं की कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, तो मेमरीचा सांगा." त्यातला नेमका कुठला, हे मला उलटं विचारावं लागतं. कारण ते सगळे एकाच लॅबमधले आहेत, आणि एकाच मुलीच्या पीएचडीपायी घडलेले.

ती मुलगी म्हणजे सुनंदा. नायगावकडची, शेतकऱ्याच्या घरची, माझी विद्यार्थिनी. तुरीवर वांझ रोग पडतो, तो पानाच्या फोटोवरून लवकर ओळखता येईल का, हा तिचा विषय. त्यासाठी ती दोन हंगाम रानोरान हिंडली आणि पानांचे ढीगभर फोटो घेऊन आली. ते सगळे 'आर'मध्ये, म्हणजे आम्ही संख्याशास्त्रवाले वापरतो त्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत, एका लिस्टमध्ये भरायचे आणि त्यावर गणित करायचं, असा बेत होता.

पहिल्याच दिवशी स्क्रीनवर लाल अक्षरं उमटली: मेमरी पुरत नाही. तिथून आमचे हाल सुरू झाले.

*

आमचे विभागप्रमुख बिराजदार सर उदगीरचे. माणूस प्रेमळ. दिक्कत एवढीच, की ते मदतीला धावतात.

'मेमरी भरली' एवढं त्यांच्या कानावर गेलं. आम्ही जेवायला गेलो होतो, तेवढ्यात त्यांनी लॅबच्या कॉम्प्युटरवरचे जुने फोल्डर उडवून टाकले. आम्ही आल्यावर म्हणाले, "आता बघा. अर्धी डिस्क मोकळी करून ठेवलीय."

मी म्हटलं, "सर, डिस्क म्हणजे घरातली कोठी. तिथं जागा होतीच. आपल्याला कमी पडते ती ओट्यावरची जागा, जिथं प्रत्यक्ष स्वयंपाक चालतो. तिला रॅम म्हणतात."

सर म्हणाले, "हे आधी सांगायचं न्हाई का? पुढच्या परीक्षेचे पेपर गेले की त्यात."

*

मग रॅम वाढवून मिळावी म्हणून अर्ज करायचं ठरलं. 'रॅम' हा शब्द कार्यालयाला कळणार नाही, असं म्हणत सरांनी अर्ज स्वतः मराठीत लिहिला: 'विभागातील स्मरणशक्ती अत्यंत कमी पडत असल्याने ती वाढवून मिळावी.'

बऱ्याच दिवसांनी अर्ज परत आला. खाली शेरा होता: 'कोणाची, ते नमूद करावे.'

सरांनी नमूद केलं: 'सर्वांची.'

अर्ज अजून तिकडेच आहे.

*

सुनंदानं मग फोटो लहान केले, तुकडे पाडले आणि एक एक तुकडा चालवायला घेतला. एकेका तुकड्याला दिवस दिवस लागायचा. तेवढ्यात कुणी त्या मशीनवर दुसरं काही उघडलं की सगळं आडवं. म्हणून तिनं स्क्रीनवर कागद चिकटवला: 'हात लावू नये. मशीन काम करायलंय.'

खंडेनवमीला लॅबची पूजा होती. सगळ्यात मोठा तुकडा चालू होता, संपत आला होता. सुनंदा हळदकुंकू आणायला गेली आणि मी फुलं निवडत बसले. सरांनी प्रत्येक मशीन ओल्या फडक्यानं पुसलं, आणि शॉक बसू नये म्हणून मेन स्विच आधीच बंद केला होता.

सुनंदा परत आली तेव्हा काळ्या स्क्रीनवर गंधाचं बोट होतं आणि झेंडूचा हार होता. ती खुर्चीवर बसली आणि तबक मांडीवर धरून नुसती बघत राहिली.

सर म्हणाले, "कागदाला मी हात लावलेला न्हाई बरं का."

*

त्या दिवसानंतर मी दुसरा रस्ता शोधायला लागले, आणि तो सापडला. फोटो एकदम मेमरीत आणायचेच नाहीत. ते डिस्कवर पडून राहू द्यायचे. लिस्टमध्ये फक्त कुठला फोटो कुठं ठेवलाय एवढंच असतं. एखादा मागितला की ती तेवढाच उचलून आणते आणि काम झालं की सोडून देते. न मागता काहीच करत नाही, म्हणून अशा लिस्टला 'लेझी' म्हणतात.

सुनंदानं रडतरडतच करून बघितलं, आणि चाललं. त्याच जुन्या मशीनवर, एकही लाल अक्षर न येता.

मी विभागात त्यावर व्याख्यान ठेवलं. विषय दिला, 'आळशी लिस्ट'. सरांनी मला केबिनमध्ये बोलावून घेतलं.

"मॅडम, पाहुणे येणार, प्राचार्य येणार. त्यात आपल्या विभागाच्या नावाखाली आळशी?"

"सर, तो तांत्रिक शब्द आहे."

"असू द्या. मी बघतो काय ते."

दुसऱ्या दिवशी फलकावर विषय लागला: 'कार्यतत्पर लिस्ट'. मी तासभर उभी राहून ती काहीच कसं करत नाही हे समजावून सांगत होते.

*

व्याख्यानानंतर पाहुण्यांना प्रात्यक्षिक दाखवायचं काम संगमेश्वरकडे होतं. तो निलंग्याचा, सुनंदाच्या मागच्या वर्षाचा संशोधक विद्यार्थी. हुशार, पण हात शिवशिवणारा. मी बजावून ठेवलं होतं, "एकच फोटो मागायचा. सगळे एकदम मागायचे नाहीत."

त्यानं एक मागितला, लगेच आला. दुसरा मागितला, तोही आला. पाहुणे म्हणाले, "वा." तिथंच घात झाला. संगमेश्वरनं सगळी लिस्ट एकदम मागितली.

मशीन घरघरलं, माऊसचा बाण जागच्या जागी थिजला. प्राचार्यांनी घड्याळ बघितलं.

"संगमेश्वर, मी काय सांगितलं होतं?"

"मॅडम, म्या फकस्त बघायलो होतो, देती का न्हाई ते."

*

आता नांदेडचा. सुनंदाची नोंदणीची मुदत संपत आली होती. नांदेडला आमच्या विद्यापीठाच्या समितीनं आधीच्या खेपेला शंका काढली होती, की एवढे फोटो साध्या मशीनवर चालतीलच कसे? आता समोर चालवून दाखवा, नाहीतर विषय बदला. दोन हंगामांची पायपीट त्या एका बैठकीवर होती.

ती सकाळच्या एसटीनं नांदेडला गेली. तिचे वडील नायगावहून परस्पर तिथं आले. थोड्या वेळानं तिचा फोन आला. आवाज अगदी बारीक.

"मॅडम, लिस्ट उघडली. सगळे फोटो हायत म्हणती. पण एक बी देईना."

"पेन ड्राइव्हवर काय काय घेतलंस?"

"लिस्ट."

"आणि फोटो?"

फोटो लातूरला, लॅबमधल्या डिस्कवर होते. लिस्टला फक्त ते लातूरला आहेत एवढंच माहीत होतं.

मी म्हटलं, "तुझा नंबर शेवटी लावून घे. मी निघाले."

मशीन उघडून डिस्क काढली, टॉवेलात गुंडाळली आणि मिळेल ती एसटी धरली. अहमदपूरला गाडी चहाला थांबली. मी वैतागून कंडक्टरला विचारलं, तर तो म्हणाला, "ताई, तुमी बी घ्या की." लोह्याच्या पुढं टायर बसला. रस्त्याच्या कडेला तुरीच्या रानात डिस्क पोटाशी धरून मी उभी, आणि सुनंदाचा फोन लागेना.

पोचले तेव्हा खोलीबाहेर तिचे वडील टोपी हातात घेऊन उभे होते. म्हणाले, "झालं म्हणं. पोरगी पास हाय."

मी तशीच आत गेले. सुनंदाच्या फोनमध्ये नायगावच्या रानातले चार-दोन फोटो उरले होते. तिनं तेवढेच लिस्टला जोडून दिले, तेवढेच मागितले आणि तेवढ्यावरच गणित चालवून दाखवलं. एका वेळी एकच फोटो मेमरीत येतो, मग कितीही असोत, हे पटून समितीनं सह्या केल्या होत्या आणि मंडळी चहा घेत होती. सुनंदा माझ्याकडे बघून हसत होती आणि डोळे पुसत होती.

अध्यक्षांनी माझ्या हातातल्या टॉवेलाकडे बघितलं. "मॅडम, हे काय आणलंत?"

"सर, डेटा. सगळा."

त्यांनी कप खाली ठेवला. "बरं. राहू द्या तुमच्याकडेच," ते म्हणाले. "लागला तर मागू."