सहकुटुंब ऐकावा असा माणूस

शालिकराम गावंडेच्या कार्यक्रमाच्या बॅनरवर त्याच्या फोटोपेक्षा एक ओळ मोठी असायची: ‘एकही अश्लील शब्द नाही! सहकुटुंब ऐका!’ ओळ मोठी ठेवण्याची कल्पना त्याची, फोटो लहान ठेवण्याची बायकोची.

दर्यापूरच्या एका जिनिंगमध्ये तो कापसाच्या गाड्यांचं वजन करायचा. काट्यावर बसून बसून त्याला अशी सवय लागली होती, की विनोदसुद्धा तो आधी काट्यावर चढवायचा. कमरेखालचा निघाला की गाडी परत. गणपतीत, गॅदरिंगला, कुणाच्या सेवानिवृत्तीला त्याला पार अकोला-अमरावतीहून बोलावणी येत. मोबाइलवर शिव्या देऊन हसवणारी पोरं पाहिली की तो कळवळायचा, “अबे, शिवी देऊन तं कोनीबी हासवते. न देता हासवून दाखवा!” आणि मग तो स्वतः न देता हसवून दाखवायचा. कोणावर? तर बायकोवर.

जमुना ही त्याची बायको होती आणि पाऊण तासाचा कार्यक्रमही होती. जमुनाचं वजन, जमुनाचं घोरणं आणि जमुनाचा काळा रंग, या तीन बल्ल्यांवर त्याच्या कलेचा मांडव उभा होता. “जमुना घोराले लागली का शेजारी खिडकीतून वरडते, शालिकराम, ट्रॅक्टर बंद कर!” म्हटलं की सभागृह कोसळायचं. खरी जमुना वजनानं त्याच्या निम्मी भरली असती. पण ती बाहेरगावच्या प्रेक्षकांना दिसायचीच नाही, कारण ती कार्यक्रमाला कधी येत नसे. “माह्यं घरीच ऐकून होते,” एवढंच म्हणायची. शालिकराम हे कौतुक समजून घ्यायचा. कलावंताला एवढी समजूत हवीच.

त्यांची एकुलती एक मुलगी दामिनी अकोल्याच्या एका दवाखान्यात औषधं द्यायची आणि बाळापूरचा अनुप तिथंच एक्स-रे काढायचा. त्या दोघांचं जमून बसलं होतं, थोरांचं जमायचं होतं. अनुपचे वडील खुशालराव सेवानिवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी सहा महिने मान हलवली नाही. शेवटी होकार दिला, तोही काठावर पास केल्यासारखा. शालिकरामनं घाईघाईनं अकोट रोडवरचं मंगल कार्यालय घेतलं आणि साक्षगंध ठरवलं. मुख्याध्यापकांचं मन फिरायच्या आत पोरीच्या बोटात अंगठी पडली पाहिजे, एवढाच त्याला ध्यास.

आणि आदल्या दिवशी हिवरखेडहून भागीरथाआत्या उतरली.

शालिकरामची ही आत्या पंचक्रोशीत गाजलेली होती. व्याही पंगतीला बसला की त्याच्यासमोर उभं राहून गाण्यातून त्याची सालं काढायची, हा आमच्याकडचा जुना रिवाज, आणि आत्या त्यातली अव्वल. तिचं गाणं पहिल्या दोन ओळी नऊवारी नेसून यायचं. तिसऱ्या ओळीपासून कपडे उतरायला लागायचे. म्हातारे खोकायचे, सुना तोंडात पदर कोंबायच्या आणि व्याही लाल होऊन हसायचा.

शालिकरामनं तिच्यासमोर हात जोडले.

“आत्या, उद्या तुहं तोंड बंद.”

“काहून? दात पडले म्हून?”

“इवाई हेडमास्तर हाय. पहिल्याच दिवशी तू त्याच्या धोतराले हात घातला तं सोयरीक मोडते.”

“धोतर कुठी? फोटोत तं पायजमा हाय.”

“आत्या!”

“बरं बावा. पन मले एक सांग शाल्या, माह्या गान्यानं आजलोक कोन रडलं?”

शालिकरामला हसूच आलं. मुद्दा शब्दांचा, आणि म्हातारी रडण्याचं घेऊन बसलेली! अश्लीलतेवर त्यानं कॉलेजांत व्याख्यानं दिली होती. एका ठिकाणी तर शालही मिळाली होती. त्यानं वाद घातला नाही. दामिनीच्या डोक्यावर आत्याचा हात ठेवला आणि ‘शाल्यानं म्हटल्याशिवाय तोंड उघडणार नाही’ अशी शपथ घेववली.

दुसऱ्या दिवशी सगळं थाटात सुरू झालं. फक्त अंगठ्या नव्हत्या. त्या अनुपच्या मामाजवळ होत्या आणि मामाची गाडी म्हैसांगजवळ पंक्चर झाली होती. दोनशे माणसं, थंड होत चाललेले रोडगे आणि घड्याळाकडे पाहणारे मुख्याध्यापक. कुणीतरी म्हणालं, “शालिकरामभाऊ, होऊन जाऊ द्या!”

एवढंच पुरे होतं. तसं कुणी म्हटलं नसतं तरी चाललं असतं.

शालिकराम स्टेजवर चढला आणि जमुना पहिल्या रांगेत, व्याह्यांच्या शेजारी बसलेली असताना त्यानं जमुनाचा कार्यक्रम सुरू केला. वजन झालं, ट्रॅक्टर झाला. खुशालराव चक्क हसत होते! सहा महिने न हललेली मान डोलत होती. शालिकराम फुलला आणि त्यानं ठेवणीतला काढला, “आमच्या जमुनाचा रंग असा का लाईट गेली तं बांगड्यायच्या आवाजावरून तिले शोधा लागते!”

खुशालराव डोळे पुसत उठले, स्टेजवर आले आणि त्यांनी माइक मागून घेतला. जन्मात कधी विनोद न केलेल्या माणसाला अचानक तो सुचला की कसं होतं, तसं त्यांचं झालं होतं.

“इवाई, पोरगी आईवरच गेली हो! अन् आमच्या बाळापुरात तं लाईट रोजच जाते. अनुप, बेटा, आतापासूनच टॉर्च घेऊन ठेव!”

हसू सुटलं आणि अर्ध्यात थांबलं. अनुप “बाबा!” म्हणून उभा राहिला. दामिनीही उभी राहिली. तिनं केसांतला शेवंतीचा गजरा काढला आणि खुर्चीवर ठेवला. ती सासऱ्याकडे पाहत नव्हती. बापाकडे पाहत होती.

“बाबा, बोला न. चुप काहून बसले?”

शालिकरामनं तोंड उघडलं. ‘हा काय विनोद झाला?’ असं त्याला ओरडायचं होतं. पण विनोद तर त्याचाच होता. फक्त जमुनाच्या जागी दामिनी आली होती. सवयीनं त्यानं तो काट्यावर चढवून पाहिला. एकही वाईट शब्द नाही. वजन एकदम बरोबर. सहकुटुंब ऐकण्यासारखा. आणि सगळं कुटुंब समोर बसून ऐकतच होतं. जमुना खाली मान घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. घरी ऐकून होते म्हणजे काय होते, ते इतक्या वर्षांनी शालालंकृत व्याख्यात्याच्या ध्यानात आलं.

खुशालराव माइक धरून घामाघूम झाले होते. त्यांना उतरायचं होतं, पण पायरी सापडत नव्हती. सोयरीक आता त्या खुर्चीवरच्या गजऱ्याएवढी उरली होती. शालिकरामनं कोपऱ्यात बसलेल्या आत्याकडे पाहिलं.

“आत्या,” तो कसाबसा म्हणाला, “उघड तोंड.”

आत्या गुडघ्यांवर हात देत उठली आणि सरळ मुख्याध्यापकांसमोर जाऊन उभी राहिली.

“इवाई आला बाळापूरचा, छाती काढून गं बाई,
पायजम्याची नाडी आला घरी इसरून गं बाई!”

पुढच्या ओळी छापायच्या म्हटल्या तर छापखाना बंद पडेल. त्यात खुशालरावांचा पायजमा होता, बाळापूरचा वारा होता आणि वाऱ्यानं पायजम्याचं जे केलं ते होतं. खुशालरावांनी नकळत एक हात कमरेला लावला आणि कार्यालय फुटलं. मग त्यांचीच बहीण मागच्या रांगेतून उठली आणि तिनं उलट शालिकरामच्या ढेरीवर अशी दोन कडवी फेकली, की भागीरथाआत्यानंही कानाला हात लावले. खुशालराव हसता हसता खाली बसले, आणि उठले ते दामिनीपाशी गेले.

“बेटा, चुकलो मी. माह्यावर हासा, तुह्या बापावर हासा. तुह्यावर नव्हतं हासाचं.”

“सर, तुमी एक डाव म्हनलं,” दामिनी म्हणाली. “बाबा तं आईले जिंदगीभर म्हनून राह्यले. माफी त्यायनं मांगाची हाय. मंग घालीन मी अंगठी.”

सगळ्यांचे डोळे शालिकरामकडे वळले. तो माइक घेऊन जमुनापाशी आला. “जमुना, मी...” एवढं म्हणून थांबला. या वेळी थांबणं खरं होतं, पण तो ज्या ठिकाणी थांबला ती हशा घेण्याची जागा होती, आणि दोन-चार माणसं सवयीनं हसलीच.

जमुनानं त्याच्या हातातून माइक काढून घेतला.

“घोरते कोन, थे एक डाव सगळ्यायनं ऐका,” ती म्हणाली. “मी फोनमंदी भरून ठेवलं हाय.”

आणि तिनं फोन माइकला लावला.

आधी एक शिट्टी आली. मग खोल कुठून तरी घरघर वर चढली, अडली, दोनदा धडपडली आणि धडधडत सुटली. मंडपवाल्याचे स्पीकर नवे होते. खिडक्यांच्या काचा वाजायला लागल्या. खुशालरावांनी पोट धरलं, आत्या भिंतीला टेकली, अनुप खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. शालिकरामच्या कारकिर्दीत असा हशा कधी झाला नव्हता. त्याचा त्याला क्षणभर हेवाही वाटला, कारण त्यात एकही अश्लील शब्द नव्हता. शब्दच नव्हता.

“चुकलं माह्यं, जमुना,” तो म्हणाला. माइक नव्हता, त्यामुळे तिच्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नाही.

“मालूम हाय. ढेरी आत घ्या, फोटो काढून राह्यले,” ती म्हणाली. फोन मात्र तिनं बंद केला नाही.

दामिनी हसत होती. तिनं गजरा उचलून पुन्हा केसांत माळला. तेवढ्यात मामा अंगठ्यांची डबी घेऊन धापा टाकत दारातून आत आला आणि दारातूनच ओरडला,

“अबे, कोनाचा ट्रॅक्टर चालू राह्यला बे?”