सगळ्यात मोठा आकडा

ताईच्या घरी खण आवरताना आज जिजाजींच्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्याचे रिचार्जेबल सेल सापडले. टोकांना पांढरी भुकटी जमली होती, पण अंगावरचा क्षमतेचा ठळक आकडा अजून दिमाखात होता. सगळ्यात मोठा आकडा बघूनच जिजाजींनी गोंदियाच्या बाजारात ते निवडले होते. "साधे पेन्सिल सेलही सोबत घेऊ," असं ताई म्हणाली, तेव्हा ते तिला अडाणी समजून हसले होते.

तेच सेल घालून आम्ही सगळे आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडावर गेलो. त्या सकाळी तिथे आई आणि बालाघाटहून आलेली मावशी पहिल्यांदाच जोडीने फोटोला उभ्या राहिल्या. मावशीने आईचा पदर सारखा केला. कोवळ्या उन्हात दोघी एकमेकींचा हात धरून लाजत होत्या. जिजाजींनी कॅमेरा समोर धरला आणि तो बारीकसा आवाज करून बंद पडला. मी शेजारीच उभी होते, कॅमेऱ्याचा काळा पडलेला पडदा मला दिसत होता. तरी या गृहस्थाने बटण दाबलं.

"निघाला का जी, जवाईबापू?" आईने विचारलं.

"एकदम बढिया."

मावशी त्याच वर्षी गेली. आई फोटो मागत राहिली आणि हे "दुकानात छापायला दिला" म्हणत राहिले. शाळकरी वयात मला त्यांची कीव आली होती. बिचारे ओशाळले असतील, असं वाटलं होतं. आता कीव उरलेली नाही. पायथ्याच्या दुकानात साधे सेल मिळत होते. "सेल संपले" एवढं म्हणायला त्यांची जीभ रेटली नाही.

अजूनही लग्नकार्यात ते गळ्यात मोठा कॅमेरा अडकवून सगळ्यांना रांगेत उभं करतात. मला हाक मारली की मी सरळ पंगतीत जाऊन बसते.