आत्या आणि पाचवीचा प्रवेश

माझ्या बायकोच्या थोरल्या आत्यांइतका न्यायानं पछाडलेला माणूस वैनगंगेच्या अलीकडे किंवा पलीकडे मी पाहिलेला नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांत त्यांनी उभी हयात शिकवण्यात घालवली, पण त्यांचा खरा विषय एकच होता: कोणाला आधी मिळालं आणि कोणाला मिळालंच नाही. लग्नाच्या पंगतीत त्या सुखानं जेवल्याचं कोणाला आठवत नाही. त्या वाढप्यांच्या मागे फिरत. सख्ख्या भाच्याच्या लग्नात नवरदेवाच्या ताटात दुसऱ्यांदा बुंदी पडताना पाहून त्यांनी वाढप्याचं मनगटच धरलं. "त्या कोपऱ्यातल्या बाया रिकाम्या पत्रावळीकडे पाहून राह्यल्या, तुले दिसत नाई काऊन?" नवरदेवानं ती बुंदी शेवटपर्यंत खाल्ली नाही.

एकदा ब्रह्मपुरीहून कुरखेड्याला जाणाऱ्या काळीपिवळीत ड्रायव्हरनं ओळखीच्या बाई म्हणून त्यांना पुढची जागा दिली. मोहफुलांची टोपली घेतलेली एक बाई त्यांच्या आधीपासून उभी होती. तिला बसवल्याशिवाय मी बसत नाही, असं म्हणून आत्या खाली उतरल्या. ती बाई बसेना, कारण समोर शिकलेली बाई उभी. आत्या बसेनात, कारण नंबर तिचा. ड्रायव्हर दोघींना सोडून निघून गेला. पुढची गाडी मिळेपर्यंत दुपार टळली आणि टोपलीवाली वाटभर आत्यांवर चिडत राहिली, "तुमच्या कायद्यानं माझा बाजार बुडाला, बाई!" हे सगळं आत्यांनीच आम्हाला सांगितलं. "खरं होतं तिचं," एवढंच वर म्हणाल्या. असल्या गोष्टींवर आम्ही हसायचो. पाचवीच्या प्रवेशाचं मात्र तसं झालं नाही.

मी ज्या शाळेत मराठी शिकवतो ती बौद्ध समाजाच्या संस्थेची. आत्यांच्या वडिलांची पिढी बालपणी वर्गाच्या बाहेर, ओट्यावर बसून शिकली. दीक्षा घेतल्यावर त्याच माणसांनी मजुरी करता करता या शाळेच्या भिंती उभ्या केल्या. पुढे अनुदान आलं, आम्हा मास्तरांचे पगार सरकार देऊ लागलं, निकाल चांगले लागू लागले, वसतिगृह झालं आणि पाचवीच्या प्रवेशाला झुंबड उडू लागली. अर्ध्या जागा समाजाच्या मुलांना, अर्ध्या सगळ्यांना खुल्या, असा नियम. खुल्या जागांसाठी आधी लेखी परीक्षा, मग मुलाखत. हुशारी लेखी परीक्षेतच कळायची. मुलाखतीत आपलं कोण, परकं कोण, एवढंच पाहिलं जायचं.

संस्थापकाची मुलगी म्हणून आत्या प्रवेश समितीवर होत्या. त्या वर्षी तन्वीचा नंबर लागायच्या आधीच समाजाच्या जागा भरून गेल्या आणि खुल्यांमधली शेवटची एक जागा उरली. तिच्यासाठी दोन मुली होत्या. एक ही तन्वी, आत्यांची नात. दुसरी कुरखेड्याच्याही पलीकडच्या जंगलातल्या गावची सुनी. लेखी परीक्षेत सुनी पुढे होती.

तन्वी आत आली तशी आत्यांनी आपली खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि मुलाखत संपेपर्यंत त्या चुन्याकडे पाहत बसल्या. तन्वीनं बुद्धवंदनेतलं त्रिसरण म्हटलं, गोड म्हटलं. मग सुनी आली. बाप दाराशीच थांबला. समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, "तुझा धर्म कोणता?"

"आमी कोयतूर."

"म्हणजे गोंड. धर्म विचारला मी. देव कोणता तुमचा?"

"पेन," पोरगी म्हणाली. गोंडीत देवाला पेन म्हणतात. समितीतल्या एकानं टेबलावरचं पेन उचलून दाखवलं आणि दोघे-तिघे हसले. सुनी हसली नाही. तिनं वळून बापाकडे पाहिलं. बापानं मान खाली घातली होती.

ती गेल्यावर अध्यक्ष म्हणाले, "पोरगी हुशार हाय, पण इथल्या वातावरणाशी जुळणार नाई."

आत्यांनी खुर्ची अध्यक्षांकडे वळवली. "माझ्या बापाले ओट्यावर बसवलं, तेव्हा त्या मास्तरानं बी हेच म्हटलं असंल. जुळणार नाई."

अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "आत्या, आपल्याले कोणी जागा देली नाई मनून तं आपण हे शाळा काढली. आता आपल्याच पोरीले इथी जागा नाई, तं कुठी मिळंल?"

"आपल्या पोरींसाठी अर्ध्या जागा हायेत, अन् त्या असल्याच पायजेत. हे जागा सगळ्यांची हाय. तन्वीले त्रिसरण येते मनून गणित जास्त येते का?"

जागा सुनीला गेली.

त्या संध्याकाळी आत्यांच्या घरी मी होतो. मुलगा उठून अंगणात गेला. सून बोलली. "आई, तुमच्या न्यावापायी दरवेळी आमीच काऊन? बाकीच्यायनं आपापली पोरं बसवली. माझ्या पोरीचा काय गुन्हा?" तन्वीला जवळ घ्यायला आत्यांनी हात पुढे केला, तर ती आईच्या मागे सरकली.

शाळा उघडली. सुनी आली नाही. दोन वेळा निरोप पाठवला, तरी आली नाही. मग एका सकाळी आत्या मला म्हणाल्या, "जावई, चला, आपण घेऊन येऊ तिले." एसटीनं आणि मग बरंच पायी चालून आम्ही त्या गावात पोचलो. बापानं खाट टाकली, पाणी दिलं. सुनी आत होती, बाहेर आली नाही. तो म्हणाला, "बाई, तुमी चांगल्या हा. पण पोरगी म्हणते, जिथी माझ्या देवाले हासले, तिथी मी नाई जात. तिले तिकडं एटापल्लीच्या आश्रमशाळेत टाकून राह्यलो. तिचा मामा हाय तिकडं."

आत्यांनी पाण्याचा पेला रिकामा करून खाली ठेवला. मग म्हणाल्या, "बरोबर हाय तिचं." ती जागा पुढे एका ठेकेदाराच्या मुलाला मिळाली. तन्वीचं नाव तोवर नगरपरिषदेच्या शाळेत घातलं होतं. मुलगा-सून चंद्रपूरला बदलून गेले ते आत्यांशी फारसं न बोलताच.

दुसरा कोणी असता तर हरला असता. आत्या समितीच्या प्रत्येक बैठकीला एकच वाक्य घेऊन जात, "मुलाखत बंद करा." अध्यक्ष चिडले, थकले आणि शेवटी त्यांनीच ठराव मांडला. आता खुल्या जागांसाठी मुलाखत नाही, लेखीत पास झालेल्यांच्या नावांची पटांगणात सगळ्यांसमोर चिठ्ठी निघते. पहिल्या वर्षी अध्यक्षांनी मोठ्या समाधानानं विचारलं, "आता तं झालं ना आत्या तुमच्या मनासारखं?"

आत्या म्हणाल्या, "चिठ्ठी अन्याव करत नाई भाऊ, पण पोरगं तं रडतेच."

आणि त्या उठून, ज्यांची नावं निघाली नाहीत त्या मुलांमध्ये जाऊन बसल्या. पुढे दर वर्षी तसंच. नाव निघालेल्यांकडे त्या ढुंकून पाहत नसत. फाटकाशी, निंबाखाली, रडवेल्या पोरांपैकी एकेकाशी काहीतरी हळू बोलत, आणि ते पोर डोळे पुसून बापाचं बोट धरून चालू लागे.

यंदा गुडघ्यांनी दगा दिला. मुलगा स्वतः गाडी घेऊन आला आणि त्यांना चंद्रपूरला घेऊन गेला. तन्वी आता कॉलेजात आहे; आजीला अंघोळ तीच घालते म्हणे. परवा चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा मी फाटकाशी जाऊन उभा राहिलो. एक मुलगी निंबाला टेकून हुंदके देत होती. मी तिच्याजवळ वाकलो आणि तसाच थांबलो. इतकी वर्षं आत्या त्या पोरांशी नेमकं काय बोलत होत्या, ते मला माहीत नव्हतं.