कन्फर्म म्हणजे कायम

प्रिय निहार आणि इरा,

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या बाबाला नाही. आता सांगते आहे त्याला कारण निहारची नुकतीच आलेली चिठ्ठी. निहार, तू लिहिलंस की पर्थच्या कंपनीत पगार जास्त आहे, मेलबर्नला पुढे जायला वाव जास्त आहे, आणि शेवटी लिहिलंस, "आजी, तुझा तो तक्ता करून दे ना. बाबा म्हणतो, तू कधी चुकत नाहीस."

मी कागद घेतला. पट्टीनं मधोमध रेघ मारली. डावीकडे पर्थ लिहिलं, उजवीकडे मेलबर्न. आणि हात थांबला. चार दिवस झाले, तो कागद टेबलावर तसाच आहे.

तू कधी चुकत नाहीस — हे खरं आहे का? खरं तर आहे. मी त्या तक्त्यात चुकले कधीच नाही. पण एकदा — थांबा. क्रमानं सांगते. मला क्रमानंच सांगता येतं.

हे इंग्रजीत लिहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तुम्हालाही वाचायला सोपं गेलं असतं. पण इंग्रजीमागे मी एकदा लपले आहे. पुन्हा नको.

शाळेतून निवृत्त झाल्यावर माझ्याकडे मुलं कागद घेऊन यायला लागली, हे तुम्हाला माहीत आहे. कुणी लोणावळ्यातलं, कुणी मळवलीचं, कुणी पार परंदवडीहून. नोकरीचं पत्र इंग्रजीत असायचं. मुलांना पगाराचा आकडा तेवढा कळायचा. खालच्या अटी कळायच्या नाहीत. मी चष्मा लावून एकेक ओळ वाचायची आणि तक्ता करायची. इथली नोकरी एका बाजूला, बाहेरची दुसऱ्या बाजूला. पगार, खोलीचं भाडं, जेवण, येणंजाणं, आणि सगळ्यात खाली दोन जाड रेघांमध्ये — कायम होण्याची शक्यता.

हा "कायम" शब्द तुम्हाला नीट कळायला हवा. आमच्या मावळात कारखाने आल्यापासून माणसाची किंमत त्या शब्दावर ठरते. कायम म्हणजे कंपनीचा माणूस. कंत्राटी म्हणजे ठेकेदाराचा. दोघं एकाच मशीनवर उभे राहतात, एकाच कॅन्टीनमध्ये जेवतात. पण कंत्राटी माणसाला सात-आठ महिने झाले की "ब्रेक" देतात. महिनाभर घरी बसवतात, मग नवा गेटपास, पुन्हा पहिल्यापासून. सोयरीक जुळवतानासुद्धा पगाराच्या आधी विचारतात, "मुलगा कायम आहे का?"

मी बऱ्याच मुलांना बाहेर जा म्हणून सांगितलं. हैदराबादला जा, गुजरातेत जा. इथे पगार कमी नाही, पण इथे माणसं जास्त आहेत, तुझी पाळी यायला केस पांढरे होतील — असं स्पष्ट सांगायची. तुमच्या बाबाचा तक्ता मीच केला. तो जायला तयार नव्हता. आजोबा अंथरुणाला खिळलेले, आई एकटी — कसा जाऊ? मी त्याला तक्ता दाखवला आणि म्हटलं, "हे बघ. भावना या कागदावर कुठेच नाहीत. जा." तो गेला. म्हणून तुम्ही तिथे आहात.

आता मंगलबद्दल.

तुम्हाला मंगल आठवत असेल. तुम्ही आलात की तांदळाच्या भाकऱ्या करायची, आणि इरानं पहिल्यांदा तिखट ठेचा खाल्ला तेव्हा हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती बेडश्याची. रोज जीपनं कामशेत, तिथून लोकलनं लोणावळा, अजूनही. तिचा नवरा फार लवकर गेला. एकच मुलगी, प्रज्ञा. त्यांच्या बौद्धवाडीतली इंजिनिअरिंगचा डिप्लोमा झालेली पहिली मुलगी. मंगल स्वतः चौथीपर्यंत शिकलेली, पण मुलीच्या अभ्यासाच्या वेळी घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, असा तिचा नियम होता.

आजोबांना अर्धांगवायू झाल्यावर पहिल्या तीन महिन्यांत कामाला ठेवलेल्या दोन बायका सोडून गेल्या. उचलणं, अंघोळ, सगळं अंथरुणातच. मला ते झेपत नव्हतं. झेपत नव्हतं, की मला किळस येत होती? लिहायला बसलेच आहे तर दोन्ही लिहिते. मग मंगल आली. तिच्या हातात काय होतं कोण जाणे, आजोबा तिच्याशिवाय कुणाच्या हातून घास घेईनात. ती त्यांना चिडवायची — "आबा, खावा गुमान, न्हाईतर बाईंना सांगते इंग्रजीतनं रागवाया." ते अर्ध्या तोंडानं हसायचे. त्या घरात तेवढंच हसू होतं.

प्रज्ञाला एकाच महिन्यात दोन पत्रं आली. एक परंदवडीजवळच्या कारखान्याचं, ठेकेदारामार्फत, तपासणीच्या कामाचं. दुसरं चेन्नईजवळच्या वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्याचं. तिथला पगार इथल्या दीडपट. मंगल ते पत्र पदराखाली झाकून घेऊन आली. प्रज्ञा मागे उभी.

"बाई, तक्ता करा," मंगल म्हणाली. "पोरगी म्हनती लांब हाय, पर कायम झाल्यावर खोली मिळती म्हनं तितं. मंग मीबी जानार हिच्यासंगं. हिला एकलीला न्हाई ठिवायची. आन् म्या न्हाई गेले तर हीबी जायाची न्हाई."

ती आनंदात होती. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "आबांसाठी दुसरं मानूस बघून दीन वो बाई. तशी न्हाई जायाची."

मी पत्र वाचलं. दोन पानं. एका वर्षाचं प्रशिक्षण, आणि ते समाधानकारकरीत्या पूर्ण झाल्यावर कन्फर्म. त्यानंतर कुटुंबासह राहायला क्वार्टर. यात न कळण्यासारखं काय होतं? पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईला?

आतल्या खोलीतून आजोबांनी हाक मारली. मला नाही — मंगलला. ती उठून गेली, त्यांना कुशीवर वळवून परत आली, हात पुसत बसली. मी ते पाहत होते. तेवढ्यात प्रज्ञानं त्या ओळीवर बोट ठेवलं. तिला मशीनची इंग्रजी येत होती, कागदांची येत नव्हती. दहावीपर्यंत मराठीतूनच शिकलेली.

"बाई, हे कन्फर्म म्हणजे — कायम का?"

तुम्हाला कदाचित हे ठाऊक नसेल. इथे कन्फर्म हा शब्द सगळे वापरतात, पण तो रेल्वेचा. तिकीट कन्फर्म झालं, म्हणजे जागा नक्की. बास. कायम होण्याशी त्याचा संबंध लागत नाही. हे मला माहीत होतं. आणि ते माहीत होतं म्हणूनच —

मी म्हणाले, "नाही गं. तिकीट कन्फर्म होतं ना, तसं. तुझं नाव नक्की झालं, एवढंच. कायम वेगळं. कायमचं यात काही लिहिलेलं नाही."

एवढंच. मी आवाजही चढवला नाही. मग पट्टी घेतली आणि तक्ता केला. नेहमीसारखा, सुबक. चेन्नईच्या बाजूला खोलीचं भाडं लिहिलं, क्वार्टर लिहिलं नाही. शेवटच्या दोन जाड रेघांमध्ये चेन्नईखाली लिहिलं — खात्री नाही. परंदवडीखाली लिहिलं — काही वर्षांत शक्य. दोन्ही खोटं. एकच हस्ताक्षर, एकच पेन.

प्रज्ञानं कागद उचलून जवळ धरला. "त्यांनी इंटरव्ह्यूत तर वेगळं सांगितलं होतं," ती हळूच म्हणाली.

मंगलनंच तिला गप्प केलं. "तोंडानं कोनबी काय बी सांगतंय. बाईंचा तक्ता म्हंजी सातबारा हाय, त्यात खोट नसती."

मी तेव्हा बोलू शकले असते. थांब, पुन्हा वाचते, माझी चूक झाली — चार शब्द. मी चहा टाकायला उठले.

मी स्वतःला काय काय सांगितलं ते सांगू? की तिथे भाषा येणार नाही. की जेवण मानवणार नाही. की आईनं गाव सोडलं तर बेडश्याचं घर पडेल. तुमच्या बाबालासुद्धा तिकडे भाषेचा उच्चार कळत नव्हता, जेवण मानवत नव्हतं. त्याच्या तक्त्यात मी यातलं काही धरलं नव्हतं. माझा मुलगा जावा आणि त्यांची मुलगी राहावी, हे मला इतकं स्वाभाविक कसं वाटलं? हा प्रश्न मी बारा वर्षं स्वतःला विचारला नाही. उत्तर ठाऊक होतं म्हणून विचारला नाही. आमच्या घरात कुणी काम करावं आणि कुणी पुढे जावं, हे माझ्या मनात आधीच ठरलेलं होतं. शाळेत मी समतेवर निबंध लिहून घ्यायची, चांगल्या निबंधाला वहीवर तारा द्यायची.

प्रज्ञा परंदवडीला लागली. मंगल आमच्याकडे राहिली. आजोबा आणखी तीन वर्षं जगले, आणि त्यांच्या पाठीला एक जखम झाली नाही. डॉक्टर मला म्हणाले, तुम्ही फार छान काळजी घेतलीत.

मधे एका दिवाळीला मंगल भांडी आवरता आवरता म्हणाली, "बाई, प्रज्ञाच्या वर्गातली ती निशा न्हाई का, चेन्नईला गेल्याली? कायम झाली म्हनं वर्षात. आईबापाला नेलं तिनं. आमच्या पोरीला आज पुन्यांदा ब्रेक दिला." मग ताट पालथं घातलं. "नशीब एकेकाचं, दुसरं काय."

आणि मी म्हणाले, "हो. नशीब."

पहिलं खोटं मी घाबरून बोलले असं तरी म्हणता येईल. हे दुसरं? तेव्हा मला कुणी काही विचारलंही नव्हतं.

निहारची चिठ्ठी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी कामशेतला गेले, तिथून रिक्षानं बेडश्याला. मंगल बाजाराला गेलेली होती, तशी वेळ मी साधली होती. प्रज्ञा घरी होती. तिचा ब्रेक चालू आहे. ती आता पस्तिशीची आहे. ठेकेदार तीन झाले, काम तेच. ज्या मुलांना तिनं मशीन शिकवली त्यातली दोघं तिच्यावर सुपरवायझर आहेत. तिनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं, स्वतः उंबऱ्यात बसून पावटा सोलायला लागली. मी सांगितलं. कन्फर्म म्हणजे कायम, हे मला तेव्हाच ठाऊक होतं, असं सांगितलं. का केलं तेही सांगितलं.

तिचे हात थांबले नाहीत.

"मला दुसऱ्याच वर्षी कळलं, बाई," ती म्हणाली. "निशानं तिचं लेटर दाखवलं. तोच शब्द होता."

मी विचारलं, "बोलली का नाहीस? आईला तरी?"

"आईला सांगितलं असतं तर तिनं त्याच दिवशी तुमचं काम सोडलं असतं. माझे ब्रेक चाललेले. आमच्या घरात कायमचा पगार एकच होता." ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. ते हसू मी तुम्हाला लिहून दाखवू शकत नाही. "तुमच्याकडचा."

मी म्हटलं, मी मंगलला आज सांगणार आहे. तिची वाट बघते.

तेव्हा तिनं सूप बाजूला ठेवलं. "न्हाई सांगायचं. एकाच शिकलेल्या मानसावर आईनं डोळे झाकून विश्वास टाकला. तिला साठी आली. आता तो मोडून तिच्या हाती काय देनार तुमी? तुमच्यासाठी न्हाई सांगत मी हे."

मला घेऊन आलेला रिक्षावाला बाहेर थांबला होता. मी उठले. ती दारापर्यंत आली नाही.

तर हे असं आहे, मुलांनो. मी प्रज्ञाची बारा वर्षं घेतली, आणि ती देता येत नाहीत. मंगलला सांगून मोकळं होण्याचा हक्कही मला उरलेला नाही, आणि तो नसावा हे बरोबर आहे.

आज सकाळी मंगल आली. मी काल बेडश्याला येऊन गेले हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. रागावली माझ्यावर, "या वयात रिक्षात बसून यायचं व्हय? निरोप धाडायचा, म्या आले असते." मग तिच्या भाच्याला पुण्याहून आलेलं नोकरीचं पत्र पिशवीतून काढून माझ्यापुढे ठेवलं आणि आत कामाला गेली.

तिचा माझ्यावरचा विश्वास अजून शाबूत आहे. तो प्रज्ञानं राखला आहे.

— आजी